घरच्या घरी दात पांढरे करताना: कशाने किती फरक पडतो

दात पांढरे करायचे जेल भरून घालण्यासाठी आम्ही दातांच्या मापाचे ट्रे बनवतो. माप द्यायला कुणी आले की आम्ही आधी त्यांच्या हातात आरसा देतो आणि खिडकीपाशी उभे करतो. पिवळेपणा नेमका कुठे आहे ते आधी पाहायचे. हिरडीलगत आणि दोन दातांच्या फटीत तपकिरी थर दिसत असेल, तर तो चहा-कॉफी-तंबाखूचा डाग किंवा कीटण. डेंटिस्टकडे दात साफ करून घेतले की हे निघते, आणि पुष्कळांना पुढे काही करावेच लागत नाही. (आमचे एक गिऱ्हाईक कमी होते, पण असो.)

दात सगळीकडून सारखाच पिवळा असेल तर रंग आतला आहे. एनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कठीण आवरण, अर्धपारदर्शक असते आणि त्याखालचे डेंटिन मुळातच पिवळसर. वयानुसार एनॅमल झिजते, डेंटिन गडद होते. हा रंग घासून जात नाही.

म्हणून व्हायटनिंग टूथपेस्टकडून अपेक्षा बेताचीच ठेवा. त्यातली बारीक पूड वरचे डाग घासून काढते, इतकेच. काही पेस्टमध्ये निळसर रंग असतो. कपड्याला नीळ दिल्यासारखे दात तेवढ्यापुरते पांढरे वाटतात. कोळशाची पूड आम्ही कुणालाच सुचवत नाही. तिने रंग उजळतो याला भक्कम पुरावा नाही आणि खरखरीत पुडीने एनॅमल मात्र झिजू शकते. खायचा सोडा त्या मानाने सौम्य, पण त्यात लिंबू पिळलेत तर आम्लाने एनॅमल विरघळते आणि खालचे पिवळे डेंटिन आणखीच दिसू लागते.

आतला रंग फिका करते ते पेरॉक्साइड. ते एनॅमलमधून आत झिरपते आणि रंगाचे कण फोडते. दातांवर चिकटवायच्या पट्ट्यांमध्ये बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड असते. रोज साधारण अर्धा तास, दोन आठवडे लावायच्या. सरळ दातांवर त्या छान काम करतात. दात वाकडेतिकडे असतील तर पट्टी खळग्यात टेकत नाही आणि रंग ठिगळासारखा दिसतो.

मापाच्या ट्रेचा फायदा तिथे कळतो. ही पद्धत 1989 पासून ज्ञात आहे: 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल ट्रेमध्ये भरून रात्रभर घालायचे. 10 टक्के कार्बामाइडमधून सुमारे 3.5 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते, तेही हळूहळू. त्यामुळे दोन पाकिटांवरचे आकडे सरळ ताडून पाहू नका. जास्त टक्क्यांचे जेल लवकर परिणाम दाखवते, पण शेवटचा रंग बहुतेक वेळा तिथेच येऊन थांबतो आणि मधल्या काळात दात जास्त सणकतात. संचासोबत येणाऱ्या निळ्या दिव्याने आम्हाला तरी फारसा फरक दिसलेला नाही. काम जेलच करते.

पिवळट-तपकिरी दात चांगले उजळतात, राखाडी छटा चिवट असते. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकमुळे पडलेल्या डागांना कित्येक महिने लागू शकतात. एकच दात काळवंडला असेल तर त्याची नस मेलेली असू शकते. त्याला ट्रे नव्हे, डॉक्टर लागतात. कॅप आणि फिलिंग यांचा रंग बदलतच नाही. पुढच्या दातात जुने फिलिंग असेल तर हे आधीच सांगा, नाहीतर नंतर तेच उठून दिसते.

थंड लागून दात सणकणे नेहमीचे आहे, बहुधा काही दिवसांत थांबते. तोवर एक रात्र सोडून ट्रे घाला आणि पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट वापरा. हिरडी पांढरी पडून झोंबली तर जेल जास्त झाले असे समजा. दातागणिक थेंबभर पुरते. किडके दात किंवा सुजलेल्या हिरड्या असतील तर आधी उपचार. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांना आम्ही थांबायलाच सांगतो, आणि 18 वर्षांखालील मुलांसाठी ट्रे बनवत नाही.

ट्रेचा कोर्स संपल्या संपल्या दात थोडे कोरडे असतात, म्हणून जास्तच पांढरे दिसतात. खरा रंग दोनेक आठवड्यांत बसतो. नवे फिलिंग करायचे असेल तर तेव्हाच करा, त्याआधी ते नीट चिकटतही नाही.

ट्रे मात्र टाकू नका. वर्ष-दोन वर्षांनी रंग थोडा उतरला की दोन-तीन रात्रींत काम भागते. धुवायला गार पाणी घ्या; गरम पाण्याने तो वाकडा होतो आणि मग पुन्हा माप द्यायला यावे लागते.