झगा कुरतडणारी शाई

कॉन्स्टंटिन गीस (1802–1892) हा पॅरिसच्या रस्त्यांवरची, बागांमधली नटवी दुनिया टिपणारा चित्रकार. फुगीर क्रिनोलिन (सांगाड्यावर फुगवलेला घेरदार झगा), खांद्यावरून घसरलेली शाल, बॉनेट (हनुवटीखाली बांधायची टोपी) अशा थाटातल्या बाया त्याने टाक, तपकिरी शाई आणि करड्या पातळ रंगाच्या दोन-चार हातांत उभ्या केल्या.

अशा चित्रांखाली संग्रहालयं ‘तपकिरी शाई’ एवढंच लिहितात, आणि ते शहाणपणाचं आहे. लाकडाच्या काजळीची बिस्टर शाई तपकिरी, माकुळाची सेपियाही तपकिरी. आणि त्या शतकातली सर्रास वापरातली मायफळाची (ओकच्या झाडावर धरणाऱ्या गाठींची) शाई मुळात काळी असूनही जुनी झाली की तपकिरीच. डोळ्यांनी फरक कळत नाही. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात मात्र साधारण 1000 नॅनोमीटरच्या पुढे मायफळाची शाई जवळजवळ दिसेनाशी होते, तर काजळाची काळी शाई काळीच राहते.

मायफळाच्या शाईचं एक रुळलेलं प्रमाण असं: 3 भाग मायफळ, 2 भाग हिराकस (लोहाचा क्षार), 1 भाग डिंक. मायफळातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की आधी फिकट द्रव होतो. कागदावर हवा लागली की तो काळा पडतो. या क्रियेत गंधकाम्लही तयार होतं आणि ते कागदातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं. हिराकस जास्त पडली तर टॅनिनला न बांधलं गेलेलं लोह मागे उरतं. ते हवेतल्या ऑक्सिजनला हाताशी धरून कागद जाळत राहतं. खरा घात या मोकळ्या लोहाचा.

म्हणून बाईचा चेहरा टिकतो, झगा फाटतो. चेहऱ्याला दोन बारीक रेषा पुरतात. घोळाच्या खोल चुण्यांत मात्र रेघांवर रेघा पडतात, शाई साचते. त्यात पोलादी टाक दाबला की त्याची दोन टोकं फाकतात आणि कागदावर दोन समांतर चरे उमटतात. जाड रेघेच्या कडेला तडा जातो तो बहुधा इथेच. कागद उलटा करून पाहावा. मागे तपकिरी रेघ उमटली असेल तर शाई आरपार पोचली आहे.

मोकळं लोह ओळखायला बॅथोफेनॅन्थ्रोलिन या रसायनाची कागदी पट्टी असते. ती शुद्ध पाण्याने जेमतेम ओलसर करून, जादा पाणी टीपकागदाने टिपून, अर्धा मिनिट रेघेवर दाबतात. ती गुलाबी झाली की लोह मोकळं आहे.

हस्तलिखितांना कॅल्शियम फायटेट आणि मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात: पहिलं लोह बांधतं, दुसरं आम्ल मारतं. जलरंगाचे हात असलेल्या चित्राला मात्र ही अंघोळ घालताच येत नाही, रंग वाहून जाईल. पीठाची ओली खळ लावून तडे सांधणं त्याहून वाईट, कारण त्या पाण्याबरोबर लोह कोऱ्या कागदात पसरतं आणि रेघेभोवती तपकिरी कड धरते. त्याऐवजी जिलेटिनचा थर वाळवलेला पातळ जपानी कागद किंचित ओलसर करून फक्त तड्यापुरता चिकटवतात. बाकी चित्र कोरडं ठेवायचं: आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास, उजेड 50 लक्सपर्यंत, आणि कागद कुठेही वाकता कामा नये.