खर्रा टाकला की भूक कुठे जाते?

"पुडीला पैसे आहेत, भाजीला नाहीत!" पानठेल्यावर खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली पुडी, घेताना बाई दिसली की नागपुरात हा शेरा हमखास ऐकू येतो. कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडणाऱ्या एका मावशीला मी सरळच विचारलं. म्हणाली, "नवाला एक खर्रा टाकला का पोट गप राह्यते. मंग अकराला दुसरा. डबा दोन वाजता." शेरा मारणाऱ्यांपेक्षा मावशीला शरीरशास्त्र जास्त कळतं, असं माझं मत झालं.

भूक आणि तंबाखूची ही जोडी फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९९३ साली स्त्रियांमधल्या एचआयव्हीचा एक दीर्घ अभ्यास उभा राहिला. विषाणू असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही बायका त्यात होत्या. घरात अन्नाची ओढाताण जास्त, तिथे सिगारेटही जास्त, असं त्यातून दिसलं. आपल्याकडे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत धूम्रपान करणाऱ्या बायका २ टक्के होत्या, पण बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के. दोन्हींतलं निकोटीन, म्हणजे तंबाखूची तलफ लावणारं रसायन, तेच.

आता माझ्या आवडीचा भाग: चुना. सुपारी आणि तंबाखूसोबत तो पन्नीत घोटतात, तो काही नुसता चवीसाठी नाही. निकोटीनचा रेणू पाण्यात हायड्रोजनचा आयन उचलतो आणि विद्युतभारित होतो. असा रेणू गालाच्या पेशींचं स्निग्ध आवरण ओलांडू शकत नाही. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप; चुन्यासारख्या अल्काने तो वाढतो) ७ असताना शंभरातले जेमतेम नऊ रेणू भारमुक्त असतात. चुन्याने सामू ९ वर नेला, की नव्वद. म्हणजे तंबाखू तेवढाच, पण रक्ताकडे जायची वाट दहापट मोकळी.

रक्तातून निकोटीन मेंदूत हायपोथॅलॅमसपर्यंत, म्हणजे भूक सांभाळणाऱ्या भागापर्यंत पोचतं. तिथल्या आर्क्युएट केंद्रात 'पीओएमसी' नावाच्या चेतापेशी आहेत. जेवण झालं की 'पुरे' म्हणणाऱ्या त्या याच. त्यांच्यावरच्या अल्फा-३-बीटा-४ प्रकारच्या ग्राहींना (पेशीवर रसायनाचा निरोप घेणारी प्रथिनं) निकोटीन चिकटतं, पेशी चेततात, मेलॅनोकॉर्टिन नावाचं निरोप्या रसायन स्रवतं आणि ते पुढच्या पेशींवरच्या मेलॅनोकॉर्टिन-४ या ग्राहीवर बसून भूक दाबतं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे उंदरांवर दाखवलं. पीओएमसी बंद पाडलेल्या उंदरांचं खाणं निकोटीनने कमी झालं नाही. शिवाय निकोटीनमुळे सुटणाऱ्या ॲड्रिनलिन या संप्रेरकाने यकृतातली साखर रक्तात उतरते, म्हणून हातपाय चालत राहतात. पोटात मात्र काहीच गेलेलं नसतं.

आणि हे टिकतं किती? रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. ते ओसरलं की चिडचिड होते, लक्ष लागत नाही आणि दाबून ठेवलेली भूक उसळते. त्या घटकेला पोट भाकर मागतंय की मेंदू तंबाखू, हे आतून ओळखता येत नाही. नवाच्या पुडीनंतर मावशीचे अकरा वाजतात ते असे. डब्याला अजून तीन तास असतात.