खातं कोणतं, साल कोणतं? सरकारी छापील कागद ग्रंथालयात कसा पोचला त्याची गोष्ट

मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांबाबतचा २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय निघाला आणि 'हैदराबाद गॅझेट' हे दोन शब्द एसटीत, टपरीवर, भावकीच्या बैठकीत ऐकू येऊ लागले. मी बसतो त्या वाचनकक्षात त्याच सुमारास एक गृहस्थ आले. हातात मोबाइल, त्यावर कुणीतरी पाठवलेला फोटो. "गॅझेट पाहिजे," म्हणाले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "गॅझेट की गॅझेटिअर?" ते गोंधळले. बाईंनी पुढचा प्रश्न टाकला, "बरं, खातं कोणतं, साल कोणतं?" यावर ते आणखीच गोंधळले.

त्यांची चूक नव्हती. मराठीत आपण तिन्ही गोष्टींना एकाच शब्दात गुंडाळतो. गॅझेट म्हणजे राजपत्र. सरकारचं हे ठरावीक दिवशी निघणारं पत्रक असतं आणि त्यात अधिसूचना, नेमणुका, नियम, कायदे छापले जातात. गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याचा किंवा संस्थानाचा जाडजूड माहितीग्रंथ. शासनाने त्याला 'दर्शनिका' असं गोड नाव दिलं, पण ते खात्याच्या पाटीबाहेर फारसं पडलं नाही. आणि जीआर, म्हणजे शासन निर्णय, हा खात्याने काढलेला निर्णय. तो राजपत्रात यायलाच हवा असं नाही. तिघांचे छापखाने, तारखा आणि ग्रंथालयातली कपाटं वेगळी असतात. त्यामुळे आपण नेमकं काय शोधतोय हे माहीत नसेल तर दिवस वाया जातो.

गॅझेटिअरचं देशभराचं सरकारी काम १८६९ नंतरचं. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात विल्यम हंटरकडे सगळ्या हिंदुस्थानची सांख्यिकी पाहणी सोपवली गेली आणि प्रत्येक इलाख्याला आपापली माहिती गोळा करायला सांगण्यात आलं. मुंबई इलाख्याचं काम १८७३ मध्ये जेम्स कॅम्पबेल या मुलकी अधिकाऱ्याकडे आलं. जिल्ह्याजिल्ह्यात प्रश्नावल्या गेल्या. कलेक्टर, मामलेदार, डॉक्टर, इंजिनिअर यांनी उत्तरं पाठवली. इतिहासासाठी रा. गो. भांडारकर, भगवानलाल इंद्रजी अशी माणसं मिळाली. खानदेश आणि रत्नागिरी १८८०, ठाणे १८८२, नाशिक १८८३, सोलापूर १८८४, पुणे आणि सातारा १८८५, कोल्हापूर १८८६ असे खंड येत गेले. एकूण खंड २७, त्यातले काही दोन-तीन भागांत विभागलेले. पुण्याचेच तीन भाग आहेत. शेवटचा खंड म्हणजे १९०४ ची सर्वसाधारण सूची, आणि बहुतेक लोक नेमका तोच उघडत नाहीत.

या खंडांची एक सोय आहे. प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा जवळपास तोच: भूवर्णन, उत्पादन, लोक, शेती, भांडवल, व्यापार, कारागिरी, इतिहास, जमीन, न्याय, शिक्षण, आरोग्य, तालुके आणि शेवटी गावं. एक खंड नीट हाताळलात की बाकीचे आंधळेपणाने उघडता येतात. माझं आवडतं प्रकरण 'भांडवल'. सावकार कोण, व्याजाचा दर काय, मजुराला रोज किती, गहाणखत कसं चाले, हे त्यात सापडतं. १८७५ साली पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या का जाळल्या ते समजून घ्यायचं तर पुण्याच्या खंडातलं हे प्रकरण आधी वाचावं. उलट 'लोक' हे प्रकरण जपून वाचायचं. जातीजातीला 'कष्टाळू', 'काटकसरी', 'शांत' अशी विशेषणं चिकटवत जाणारा लेखक गावात गेला होता की कचेरीत बसला होता, असा प्रश्न पडतो. आज दाखल्यासाठी ज्या पानांवर बोट ठेवलं जातं ती बहुधा हीच असतात.

आणखी एक अडचण भूगोलाची. आजचा महाराष्ट्र तेव्हा एका सरकारखाली नव्हता. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेश मुंबई इलाख्यात. वऱ्हाडाचं गॅझेटिअर १८७० मध्ये आल्फ्रेड लायलने केलं, आणि त्याच वर्षी चार्ल्स ग्रँटचं मध्य प्रांताचं आलं, ज्यात नागपूर सापडतं. मराठवाडा निजामाकडे, म्हणून औरंगाबादचा १८८४ चा ग्रंथ वेगळा आणि 'इंपीरिअल गॅझेटिअर'च्या प्रांतिक मालेतला हैदराबाद संस्थानाचा १९०९ चा खंड वेगळा. नांदेडच्या माणसाने मुंबई इलाख्याचे सगळे खंड चाळले तरी त्याच्या हाती काही लागायचं नाही.

गोव्याची वाट तर पोर्तुगीज भाषेतून जाते. तिथलं सरकारी 'बोलेतीं', म्हणजे राजपत्र, १८३७ पासून पणजीत छापलं जाऊ लागलं. जमिनीच्या जुन्या भानगडींसाठी ते आजही उलटावं लागतं. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं. सध्या त्याला कृष्णदास शामा यांचं नाव आहे.

आता हे सगळं ग्रंथालयात आलं कसं? सरकारने वाचकांसाठी छापलं म्हणून आलं, असं समजायचं कारण नाही. अहवाल छापले जात ते खात्याखात्यांत वाटण्यासाठी आणि लंडनला पाठवण्यासाठी. उरलेले विक्रीला. जुन्या खंडांवर किंमत रुपये-आण्यांत आणि शिलिंग-पेन्समध्ये शेजारी शेजारी छापलेली दिसते, त्यावरून गिऱ्हाईक कुठलं अपेक्षित होतं ते कळतं. १८६७ साली छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला. १८५७ नंतर सरकारला छापखान्यांवर नजर हवी होती. खासगी मुद्रकाने प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारला द्यायच्या, आणि सरकारने दर तिमाहीला त्यांची यादी राजपत्रासोबत छापायची. पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, मुद्रक, पानं, प्रती, किंमत असे रकाने. पाळत ठेवण्यासाठी केलेली ही यादी एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्याला आज सोन्याची खाण वाटते. सरकारच्या हेतूपलीकडे कागद कसा कामी येतो याचा हा नमुना.

सरकारी आकडे सरकारवरच उलटवण्याची परंपराही पुण्या-मुंबईचीच. दादाभाई नौरोजींनी दारिद्र्याचा हिशेब मांडला तो सरकारच्याच अहवालांतून. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात रानडे आणि त्यांच्याबरोबर गणेश व्यंकटेश जोशी यांनी जमीनमहसुलाचे, मिठाचे, रेल्वेचे आकडे पिंजून काढले. जोशी शाळेचे मुख्याध्यापक, पण त्यांच्या आकड्यांवर रानडे आणि गोखले दोघेही विसंबत. २६ मार्च १९०२ ला गोखले केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. खजिन्यात शिल्लक दिसते म्हणजे देश सुखी आहे असं नव्हे, हे त्यांनी सरकारच्या आकड्यांनीच दाखवलं. त्यामागे अशा 'निळ्या पुस्तकांचा', म्हणजे सरकारी अहवालांचा, ढीग होता. १९०५ मध्ये भारत सेवक समाज निघाला तेव्हा तिथे ग्रंथालय उभं राहणं ओघानेच आलं. १९३० मध्ये त्याच आवारात अर्थशास्त्राची संस्था सुरू झाली. आज धनंजयराव गाडगीळांच्या नावाने ओळखलं जाणारं तिथलं ग्रंथालय जमाबंदीचे अहवाल, जनगणनेचे खंड, आयोगांची साक्षीपत्रकं यांसाठी पुण्यात पहिला पत्ता आहे. बरंचसं जुनं साहित्य त्यांनी स्कॅन करून जालावर ठेवलंय. ही मोठीच मेहेरबानी, कारण त्या काळचा कागद बोट लावलं की तुटतो.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये ग्रंथ वितरणाचा कायदा झाला. प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची. त्या तिघांत मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय आलं. एशियाटिकच्या त्या पायऱ्या म्हणजे सिनेमावाल्यांचं आवडतं ठिकाण. वर जाऊन सरकारी अहवाल मागणारे मात्र थोडे. कायदा मोडला तर दंड ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. कायदा सरकारी प्रकाशनांनाही लागू आहे, पण एक फट ठेवून: केवळ कार्यालयीन वापरासाठी असलेली पुस्तकं त्यातून वगळली. एखादी चौकशी समिती, एखादा तालुका पाहणी अहवाल, मुखपृष्ठावर 'केवळ कार्यालयीन वापरासाठी' अशी ओळ छापली की तो ग्रंथालयाच्या दारात यायची सक्ती संपली. गंमत म्हणजे असे अहवाल मला सर्वांत जास्त रद्दीच्या दुकानात भेटले आहेत.

राज्याने दर्शनिका नव्याने करायला घेतल्या. पुण्याची सुधारित आवृत्ती १९५४ ची, रत्नागिरी १९६२, नागपूर १९६६. साठच्या दशकात सेतुमाधवराव पगडी या कामाचे कार्यकारी संपादक होते. फारसी आणि उर्दू उत्तम जाणणारा माणूस त्या खुर्चीत असणं हा महाराष्ट्राचा योग. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे गो. स. सरदेसाईंनी संपादलेले ४५ खंड हेही सरकारी प्रकाशनच, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून ते 'इतिहास'च्या कपाटात शोधून परत फिरतात.

इथे तालिकेची, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तक-यादीची, मेख आहे. सरकारी प्रकाशनाचा लेखक म्हणजे सरकार. त्यामुळे नोंद विषयावर किंवा संपादकाच्या नावावर नसते, सरकारच्या नावावर असते, आणि आपल्या सरकारने नाव दोनदा बदललं. १९५० पर्यंत आधी मुंबई इलाखा नि मग मुंबई प्रांत, १९६० पर्यंत मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. एकाच खात्याचे सलग अहवाल कार्डांच्या तीन वेगवेगळ्या खणांत बसलेले असतात. १९५८ चा पाटबंधारे अहवाल 'महाराष्ट्र' खाली शोधणारा हात हलवत जातो. काउंटरवरचा 'खातं कोणतं, साल कोणतं' हा प्रश्न म्हणूनच असतो. साल कळलं की सरकार कळतं, सरकार कळलं की खण.

आता निम्मं चित्र पालटलंय. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने इलेक्ट्रॉनिक राजपत्राला मान्यता दिली. १ ऑक्टोबर २०१५ पासून भारताचं राजपत्र छापणंच बंद झालं. राज्याच्या जीआरखाली 'संगणक संकेतांक' असतो. तो लांबलचक आकडा म्हणजे लॉटरीचा नंबर नव्हे. सुरुवातीचे आठ अंक वर्ष, महिना, दिवस. कुणी जीआर फिरवला आणि त्यावर हा आकडा नसेल, किंवा तारीख आणि आकडा जुळत नसतील, तर पुढे पाठवायच्या आधी थांबावं. पण संकेतांकाच्या आधीच्या काळातला जीआर हवा असेल तर संकेतस्थळ कामाचं नाही. तिथे खात्याची बांधीव संकलनं आणि ती जपलेलं ग्रंथालयच.

'खातं कोणतं' विचारणाऱ्या त्याच बाईंकडे गेल्या महिन्यात एक आजी आल्या होत्या. लग्नानंतर नाव बदललेलं, राजपत्रात छापून आलेलं, कात्रण घराच्या स्थलांतरात गेलेलं. पासपोर्टवाल्यांनी पुरावा मागितला. नाव बदलाच्या सूचना भाग दोनमध्ये येतात, एवढं बाईंना पाठ होतं. साल मात्र आजींना आठवेना. "धाकटी पोटात होती," म्हणाल्या. बाईंनी धाकटीची जन्मतारीख विचारली, मागे मोजलं, आणि त्या वर्षाचे दोन बांधीव गठ्ठे मागवले. शिपायाने फडक्याने धूळ झटकली. दर गुरुवारचा अंक, वर इसवी सन आणि शेजारी शके. आजी चष्मा वर करून ओळीवर बोट फिरवत बसल्या. दुपारच्या चहाला मी उठलो तेव्हा त्या ऑगस्टपर्यंत पोचल्या होत्या. परत आलो तर झेरॉक्सच्या पैशांसाठी पर्समध्ये सुटे शोधत होत्या.