सोनं लाल, चांदी पिवळी

सराफ बाजारात सोनं घेताना आपण आधी रंग बघतो, पिवळंधमक पाहिजे. पण तेच सोनं 15-20 नॅनोमीटरच्या कणांएवढं बारीक करून पाण्यात सोडलं ना, तर पाणी लालभडक दिसतं, अगदी आपल्या नाशिकच्या रेड वाइनसारखं, आणि रंग म्हणून त्यात दुसरं काहीच टाकलेलं नसतं. (एका मिलिमीटरचे 10 लाख भाग केले की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर.)

असं का होतं? धातूत काही इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. कण एवढा छोटा असला की प्रकाश पडल्यावर ते सगळे एकदमच इकडून तिकडे हिंदकळतात. काठोकाठ भरलेला हंडा कमरेवर घेऊन चालताना आपल्या चालीची लय पाण्याच्या लयीशी जुळली की पाणी कसं उसळून बाहेर येतं, तसंच हे. सोन्याच्या कणांची लय हिरव्या प्रकाशाशी जुळते, साधारण 520 नॅनोमीटरला, मग हिरवा शोषला जातो आणि लाल आपल्यापर्यंत पोचतो. चांदीची लय 400 च्या आसपास, जांभळ्याशी, म्हणून चांदीचं पाणी पिवळं! इलेक्ट्रॉनच्या या एकदम हिंदकळण्याला प्लाझ्मॉन म्हणतात. हा लाल रंग बारीक सोन्याचाच आहे हे मायकेल फॅरेडेने 1857 मध्येच सांगितलं होतं, त्याचं गणित गुस्ताव मी (Mie) या जर्मन शास्त्रज्ञाने 1908 मध्ये मांडलं. प्रेग्नन्सी टेस्टच्या बऱ्याच किटमधली गुलाबी रेघ पण सोन्याच्या कणांचीच असते.

विजेचं तर मला याहून भारी वाटतं. तांब्यात इलेक्ट्रॉन कुठेही न धडकता सरासरी 40 नॅनोमीटर जातो, त्यामुळे घरातल्या वायरीत कडेला आपटण्याचा काही प्रश्न येत नाही, पण चिपमधल्या सगळ्यात बारीक तांब्याच्या तारा आता त्याहूनही अरुंद झाल्यात, मग इलेक्ट्रॉन कडांनाच आपटत जातो, धनत्रयोदशीला सराफ बाजाराच्या बोळातून आपण जातो तसा, आणि रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, हिशोबापेक्षा जास्त भरतो. भांडी बाजारातला हंडा तांब्याचाच आणि ती तारही तांब्याचीच, पण पुस्तकातला आकडा तारेला चालत नाही.

अजून खाली, 2 नॅनोमीटरच्या आत गेलं की कणात दोनेकशे अणूच उरतात, तो लाल रंगही जातो आणि सोनं धातूसारखं वागणंच सोडायला लागतं. आणि सोन्याची तार ओढत ओढत एका अणूएवढी केली तर रेझिस्टन्स येतो साधारण 12.9 किलोओहम, आणि हा आकडा सोन्याचा नाहीच, तो निघतो इलेक्ट्रॉनचा चार्ज आणि प्लँकचा स्थिरांक (क्वांटम भौतिकशास्त्रातला एक कायम ठरलेला आकडा) या दोघांतून.