घरातल्या मारहाणीविरुद्ध अर्ज: कोण करू शकतं, कुठे, कशाच्या आधारे

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागायला आधी एफआयआर लागत नाही. चौकीवरून 'घरचं भांडण आहे, मिटवून टाका' म्हणून परत पाठवलेल्या बायकांना हे कुणी सांगतच नाही.

अर्ज फक्त बायकोच करू शकते असं नाही. एका घरात राहणारी किंवा पूर्वी राहिलेली आई, बहीण, मुलगी, विधवा सून आणि लग्नासारख्या नात्यात राहणारी स्त्रीसुद्धा करू शकते. 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सासू-नणंदेविरुद्धही तो करता येतो. माहेरी आला असाल तर तिथल्या कोर्टातही चालतो.

पहिली गाठ संरक्षण अधिकाऱ्यांची, म्हणजे या कायद्याखाली मदतीसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांची. ते कुठे बसतात हे जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा 181 वर कळेल. ते 'कौटुंबिक घटना अहवाल' भरतात आणि खरं काम इथेच असतं. नमुन्यात मारहाणीबरोबर मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, मुलांची शाळा बंद करणं, औषधपाण्याला पैसे न देणं हेही रकाने आहेत. 'खूप त्रास देतात' एवढ्यावर थांबू नका. कधी, कुठे, कोणी, काय केलं ते लिहवून घ्या. तारीख आठवत नसेल तर 'दिवाळीच्या आधी' असं सांगितलं तरी चालेल.

सोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, असल्यास लग्नाचा पुरावा, दवाखान्याचे कागद, मेसेज आणि स्त्रीधनाची यादी. कागद सासरी अडकले असतील तरी अर्ज थांबवू नका. घटना अहवाल नसला तरी थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, हे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

अर्जात संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्च, भरपाई आणि मुलांचा तात्पुरता ताबा एकत्रच मागा. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाची मागणी विसरू नका, कारण 60 दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, पण तारखा पडतच राहतात.

लेकरालाच मारहाण होत असेल तर 1098 वर फोन करा किंवा बाल कल्याण समितीकडे जा. लैंगिक अत्याचार असेल तर ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे.

आदेशाची प्रत मोफत मिळते, ती जवळ ठेवा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.