राजवाड्यातले चितारकाम : सावंतवाडीच्या गंजिफ्याची पार्श्वभूमी

सावंतवाडीच्या भोसले राजघराण्यातील आजचे दांपत्य मराठी वाहिनीवर मुलाखतीला बसले, की बोलणे मोती तलावाकाठच्या राजवाड्यावरून गंजिफा या पत्त्यांच्या जुन्या खेळाच्या गोल, रंगीत पानांकडे वळते. ही पाने राजघराण्याची हौस म्हणून सांगितली जातात. पण त्यांचा इतिहास हौसेपेक्षा अधिक गुंतागुंतीचा असून त्याचे श्रेय राजवाड्याइतकेच चितारी कारागिरांनाही द्यावे लागते.

गंजिफा मूळचा इराणकडचा खेळ. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शासकाकडे गंजिफ्याची पाने पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल दरबारात रूढ झालेला संच आठ रंगांचा (बदाम-इस्पिकासारख्या गटांचा) आणि ९६ पानांचा होता. पुढे हिंदू दैवतकथांनी या खेळाला आपलेसे केले आणि दशावतारी गंजिफा तयार झाला. त्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा, म्हणजे एकूण १२० पाने असतात. खेळाची रीतही मोठी गमतीची आहे: पहिल्या पाच अवतारांत दश्शी वरचढ, तर उरलेल्या पाचांत एक्का वरचढ, शिवाय दिवसा डावाची सुरुवात रामाच्या पानाने आणि रात्री कृष्णाच्या पानाने होते. इतके लक्षात ठेवून खेळणारी माणसे कमी होत गेली, याचे आश्चर्य वाटायला नको.

सावंतवाडीत हे काम चितारी मंडळींकडे होते. चिंचोक्याच्या खळीचे लेप देऊन पान कडक करायचे, ते घोटून गुळगुळीत करायचे, हाताने चित्र काढायचे आणि वरून लाखेचा हात द्यायचा, अशी ही वेळखाऊ पद्धत. यंत्रावर छापलेले स्वस्त बावन्न पानांचे जोड घरोघर पोचल्यावर त्यांच्याशी तिची बरोबरी होणे शक्यच नव्हते. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दरबारी मागणीचा उरलासुरला आधारही सुटला.

या पडत्या काळात सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी या कलेत लक्ष घातले. वडील बापूसाहेब महाराज १९३७ मध्ये वारले, तेव्हा शिवरामराजे अल्पवयीन होते. विलीनीकरणानंतर ते आमदार म्हणूनही निवडून आले. गंजिफ्याचे काम जाणणारे पुंडलिक चितारी तोवर वृद्ध झाले होते. त्यांच्याकडून एखादा संच विकत घेऊन तो काचेच्या कपाटात ठेवणे सोपे होते, आणि अनेक राजवाड्यांनी जुन्या कलांचे नेमके तेच केले. या दांपत्याने मात्र ही विद्या स्वतः शिकून घेतली आणि ती इतरांना शिकवण्याची व्यवस्था लावली. माझ्या मते त्यांचे वेगळेपण आश्रय देण्यापेक्षा या शिकण्यात आहे, कारण त्यामुळे राजघराणे आणि कारागीर यांच्यातील जुने नाते काही काळ तरी उलटे झाले: शिकवणारा चितारी आणि शिकणारे राजे.

१९७१ मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झाले. माजी संस्थानिकांचे तनखे रद्द करणारी २६वी घटनादुरुस्तीही त्याच वर्षीची, त्यामुळे पुढचा कारभार संस्थानी थाटाने चालणे कठीणच होते. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसू लागले आणि गंजिफ्याबरोबर लाखकामाच्या रंगीत लाकडी वस्तूही तेथे होऊ लागल्या. खेळ म्हणून गंजिफ्याला गिऱ्हाईक उरले नसले, तरी भेटवस्तू आणि संग्राह्य कलाकृती म्हणून ते मिळू लागले. ही तडजोड होती, पण तिच्यामुळेच कुंचले हातात राहिले.

शिवरामराजे १९९५ मध्ये निवर्तले. सत्त्वशीलादेवींनी २०१८ मध्ये निधन होईपर्यंत या कामाशी आपले नाते टिकवले. पुढच्या पिढीने राजवाड्याच्या आवारात पाहुण्यांच्या निवासाची सोय केली आणि गंजिफ्यातील चित्रे तिथल्या सजावटीत आणली. सावंतवाडीच्या गंजिफ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्यामुळे आजच्या दांपत्याला विचारण्याजोगा पहिला प्रश्न राजवाड्याच्या खोल्यांविषयीचा नाही. दरबार हॉलमध्ये बसणाऱ्या चितारकाम करणाऱ्यांची पुढची फळी कोण शिकवते आहे आणि त्यांना मोबदला काय मिळतो, हा आहे.