ढोबळी मिरचीतील आरोग्यपूरक वनस्पतिद्रव्ये

ढोबळी मिरचीचे झाड स्वतःच्या गरजेसाठी तयार करते आणि खाणाऱ्यालाही उपयोगी पडतात अशी फळातील द्रव्ये. क जीवनसत्त्व, कॅरोटिनॉइड ही पिवळी-नारिंगी-लाल रंगद्रव्ये आणि फ्लॅव्होनॉइड ही वनस्पतींतील संयुगे हे यांतील महत्त्वाचे गट. सांगली-सातारा भागात या भाजीला ‘ढबू’ म्हणतात. वाळवा, मिरज या तालुक्यांत ती ठिबक आणि मल्चिंगवर, बऱ्याचदा शेडनेटमध्ये घेतली जाते; लाल-पिवळी रंगीत मिरची मुख्यतः पॉलिहाऊसमध्ये पिकते.

तिखट मिरची आणि ढबू यांची वनस्पती एकच, कॅप्सिकम ॲन्यूअम. ढबूमध्ये तिखटपणा घडवणारे जनुक निकामी असल्याने कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य तयार होत नाही. वेदनाशामक मलमांत वापरले जाते ते हेच कॅप्सेसिन. त्यामुळे तिखट मिरचीचे म्हणून सांगितलेले गुण सरसकट ढबूला चिकटवणे चुकीचे आहे, आणि तसे फार वेळा केले जाते. ढबूचे मोल तिच्या रंगांत आणि क जीवनसत्त्वात आहे.

हिरवी ढबू म्हणजे कच्चे फळ. तिचा हिरवेपणा हरितद्रव्याचा. त्याच्याआड ल्युटीन आणि व्हायोलाझँथिन ही पिवळी द्रव्ये आधीपासून असतात. फळ पिकू लागले की हरितद्रव्य मोडते, पेशींतील हरितलवकांचे (हरितद्रव्य असलेल्या कणांचे) वर्णलवकांत (रंगद्रव्य साठवणाऱ्या कणांत) रूपांतर होते आणि लाल वाणांत एका खास विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने कॅप्सँथिन व कॅप्सोरुबिन तयार होतात. हा लाल रंग मिरचीवर्गाची खासियत आहे. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा, म्हणजे निराळा. पिवळ्या वाणांत त्या विकराचे काम होत नाही, म्हणून फळ पिकूनही लाल होत नाही. नारिंगी ढबूमध्ये झीझँथिन भरपूर असते, आणि डोळ्याच्या पडद्यावरील पीतबिंदूत ल्युटीन व झीझँथिन हीच द्रव्ये साठतात. कॅप्सँथिनपासून शरीरात अ जीवनसत्त्व बनत नाही. ते काम बीटा-कॅरोटीन आणि बीटा-क्रिप्टोझँथिन करतात, आणि पिकलेल्या लाल फळात तीही असतात. फ्लॅव्होनॉइडचे मात्र उलटे आहे. क्वेर्सेटिन व ल्युटिओलिन यांची संयुगे कच्च्या हिरव्या फळात जास्त असतात आणि पिकताना घटतात. म्हणून हिरवी ढबू कमी प्रतीची असे मानण्याचे कारण नाही. शेतकरी ती हिरवी तोडतो त्याला व्यावहारिक कारण आहे: लवकर तोडले की झाड पुढचा माल धरते, तर रंग भरायला फळ आणखी काही आठवडे झाडावर ठेवावे लागते.

क जीवनसत्त्वाच्या इतिहासात मिरचीला मानाचे स्थान आहे. हंगेरीतील सेगेड येथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पाप्रिका मिरचीतून हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे काढले. १९३७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. अमेरिकी कृषी खात्याच्या कोष्टकांत १०० ग्रॅम कच्च्या हिरव्या ढबूत सुमारे ८० मिलिग्रॅम, लाल ढबूत १२५ च्या पुढे आणि पिवळ्या ढबूत सुमारे १८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले आहे. भारतीय प्रौढ पुरुषाची रोजची शिफारस ८० मिलिग्रॅम आहे. वाण, हंगाम आणि तोडणीनुसार हे आकडे बदलतात.

माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातल्या ताटात क जीवनसत्त्वाला विशेष अर्थ आहे. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत लोह असते, पण धान्यातल्या फायटेट या लोहाला बांधून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे ते अंगी कमी लागते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर लोहाचे शोषण वाढते. अडचण अशी की हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने घटते. पीठ पेरून परतलेल्या ढबूच्या भाजीत ते कच्च्या फळाइतके उरत नाही. कॅरोटिनॉइड मात्र मेदात विरघळतात, त्यामुळे फोडणीचे तेल आणि शेंगदाण्याचे कूट त्यांच्या शोषणाला मदतच करतात. भाकरीसोबत दाण्याचे कूट घातलेली कच्च्या ढबूची कोशिंबीर असली की दोन्ही बाजू साधतात. ती या भागात फारशी केली जात नाही, करायला हवी.

ही द्रव्ये वेगळी काढून गोळीतून घेतली की फळ खाण्याइतकाच लाभ होतो, असे धरता येत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९,००० पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला: बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढलेला आढळला. ढबूने कर्करोग बरा होतो असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. रोजच्या आहारातली चांगली भाजी म्हणून तिची योग्यता पुरेशी मोठी आहे.

तोडलेले फळ ७ ते १० अंश सेल्सिअसला चांगले टिकते. त्याहून थंडीत सालीवर खड्डे पडतात आणि फळ लवकर सडते. चिरल्यावर क जीवनसत्त्व हवेच्या संपर्काने घटू लागते, म्हणून ढबू आयत्या वेळी चिरावी.